थुंकलेल्या गोळ्या

निवृत्त प्रोफेसरकडे जुने विद्यार्थी दोनच कामांसाठी येतात, लग्नाची पत्रिका द्यायला नाहीतर शिफारसपत्र मागायला. वेदांतच्या हातात दोन्ही नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. तो आता आमच्याच कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. समोर चहा निवत होता आणि हा फरशीकडे बघत बसला होता.

"मॅडम, तुमच्या टीबीच्या स्टडीतले काही जंतू डीप फ्रीजरमध्ये पडले होते, ज्यांच्यावर 'दूषित' लिहिलंय. मी असंच फिरसे कल्चरला लावून बघितले. दूषित नाहीत ते. सात पेशंटमध्ये मेलिऑइडोसिस निघाला."

थुंकीच्या नमुन्यात टीबीऐवजी भलतंच काही उगवलं, की आम्ही 'दूषित' लिहून मोकळे व्हायचो. मेलिऑइडोसिसचा जंतू मातीत राहतो, मधुमेह असलेल्याला गाठतो. एक्स-रे हुबेहूब टीबीचा, पण टीबीच्या औषधांना तो दाद देत नाही. वेगळी इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर माणूस वाचू शकतो. हे सगळं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं, पण थायलंडचा आजार म्हणून. इंदूरात तो कशाला येईल!

आणि माझं सगळं करिअर त्याच स्टडीवर उभं. औषधं लागू का पडत नाहीत? कारण पेशंट ती घेत नाहीत आणि घेतो म्हणून सांगतात. या एका वाक्याने मला प्रोफेसर केलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हातल्या समितीवर बसवलं.

"त्या सातांत पेशंट क्रमांक चार आहे?" मी विचारलं.

वेदांतने होकारार्थी मान हलवली.

पेशंट क्रमांक चार म्हणजे वासुदेव. खजरान्यात रोपांची नर्सरी, जुना मधुमेह. बायको वसुंधरा रोज स्वतः गोळी हातावर ठेवायची, तरी ताप हटेना. मी तिला वॉर्डात बजावलं होतं, "तोंडात धरून ठेवतात आणि मागे जाऊन थुंकतात. नजर ठेवा." चौथ्या महिन्यात ते गेले. पुढे प्रत्येक भाषणात, बायकोला फसवून गोळ्या थुंकणाऱ्या नवऱ्याचा म्हणून हा किस्सा मी चवीने सांगितला. लोक हसायचे. मीही हसायचे, याची आज लाज वाटते.

"मी यावर जो पेपर लिहितोय, त्यात तुमच्या स्टडीचं नाव नको घेऊया, मॅडम," वेदांत म्हणाला. "कोणाला काय पडलंय?"

क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, "घे. पहिल्याच परिच्छेदात घे."

पेपर दुरुस्त होतील. पण आपली नजर कमी पडली म्हणून नवरा गेला, असं त्या बाईला चौदा वर्षं वाटत असणार. निदान तिच्या मनावरचं ते ओझं तरी उतरवावं, असं ठरवलं. ठरवूनही चार दिवस टाळाटाळ केली. पाचव्या दिवशी सकाळी खजरान्याला गेले.

वसुंधराबाई काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या, उघड्या हातांनी, कोपरापर्यंत. मला ते बघवेना. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"अरे, मॅडमजी! बसा ना."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वैद्यकीय शब्दांच्या आड लपले नाही. शेवटी म्हणाले, "तुमची काही चूक नव्हती. औषधंच चुकीची होती. चूक माझी."

बाईंचे हात थांबले. "म्हणजे ते गोळ्या थुंकत नव्हते?"

"नाही. ते मी मनानेच धरलं होतं."

"पण तुम्ही तर पक्कं सांगितलं होतं."

"हो."

"मी रोज त्यांच्या तोंडात बोट घालून बघायची, मॅडमजी. मुलीसमोर." त्या मातीकडे बघत बोलत होत्या. "शेवटच्या हफ्त्यात त्यांनी तन्वीच्या डोक्यावर हात ठेवून कसम खाल्ली, मी एकपण गोळी थुंकली नाही म्हणून. मी म्हटलं, पोरीची झूठी कसम खाता? मरा मग. हेच शब्द बोलले मी. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत."

मी ओझं उतरवायला आले होते. माफ करा म्हणाले, पण ते शब्द माझे मलाच खोटे वाटले.

"झूठ बोलणाऱ्याची बायको म्हणून चौदा साल काढले, ते जमलं मला," त्या उठत म्हणाल्या. "आता हे कसं काढू?"

उत्तराची वाट न बघता त्या आत गेल्या. मी फाटकाशी पोचले तेव्हा त्यांचा आवाज आला. त्या फोनवर बोलत होत्या.

"तन्वी, बेटा, बाबा खरं बोलत होते," त्या म्हणाल्या.