सगळे, आई सोडून

नेनितानं लाल पेननं शब्दाला गोल मारला. इतक्या जोरात, की कागद फाटला.

"परत तेच! 'सगळे आले होते, आई अॅक्सेप्ट.' अॅक्सेप्ट म्हणजे घेणं, एक्सेप्ट म्हणजे सोडून. तीन वर्षं सांगतेय."

"माझ्या मालकिणीवर गेलीय तुझी पोरगी," मारिव्हिक म्हणाली. "तिलापण एकदा सांगून कळत नाही. जेव आधी."

सिंगापूरच्या बागेत दोघी चटई टाकून बसल्या होत्या. रविवारची सुट्टी. डब्यातल्या पान्सितच्या शेवया गार होऊन चिकटल्या होत्या. नेनिताचे डोळे जळत होते, गुडघा ठणकत होता. सहा वर्षं दुसऱ्याची फरशी पुसायची, तर गुडघा ठणकणारच.

मायदेशी, गावी ती शाळेत शिकवायची. सवय गेली नव्हती. लेकीचा, जोव्हीचा इंग्रजी मेसेज आला की ती तो कागदावर उतरवायची, चुकांना गोल मारायची, खाली उदाहरणं लिहायची आणि फोटो काढून पाठवायची. आत्ताही तिनं लिहिलं: सगळी कपाटं पुसून झाली, वरचं एक सोडून. खाली दुसरं: म्हातारीनं माझ्या हातचं सूप घेतलं.

फोटो गेला. मग तिनं पिशवीतून कराराचा कागद काढला. आणखी दोन वर्षं. संध्याकाळी मॅडमच्या हातात द्यायचा होता.

"डिसेंबरात कायमची घरी जाणार होतीस ना?"

"शहरातल्या शाळेची परीक्षा आहे तिची. हे असं इंग्रजी घेऊन बसणार? शिकवणी लावायला लागेल."

तिनं जोव्हीला सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

"डिटास, इंग्रजीची चांगली शिकवणी शोध. मी सही करतेय."

"कुणासाठी?"

"जोव्हीसाठी, आणखी कुणासाठी!"

"मनांग, डोकं ठिकाणावर आहे ना? गेल्या महिन्यात इंग्रजीचं पदक आणलंय तिनं. गल्लीतली पोरं तिच्याकडे शिकायला येतात." डिटास एकदम थांबली. "तुला सांगू नको म्हणाली होती. मला वाटलं, स्वतः सांगणार असेल."

"मग मला लिहिते ते?"

"मला काय माहीत. तू पाठवतेस ते सगळं एका वहीत उतरवून ठेवते. तारीख घालून. हात लावू देत नाही कुणाला."

फोन ठेवून नेनितानं जुने मेसेज वर सरकवले. एकही चूक नसलेले होते की. पावसाचा, कोंबडीचा, आजीच्या दाताचा. प्रत्येकाखाली तिनं नुसता अंगठा पाठवला होता. चुकलेल्यांखाली मात्र फोटोच फोटो. उदाहरणांत कपाटं, सूप, बसमध्ये विसरलेली छत्री, ताप आलेला तो आठवडा. हे तिनं दुसऱ्या कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

टिंग झालं. जोव्हीचा मेसेज.

*थँक यू, नानाय. वरचं कपाट का राहिलं?*

नेनितानं फोन चटईवर ठेवला.

"पेन दे," ती म्हणाली.

"हातातच आहे की तुझ्या."

"लाल नको. निळं."

मारिव्हिकनं पर्स उचकून पेन दिलं. नेनितानं करार मांडीवर घेतला, पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. *हात पोचत नाही गं. स्टुलावर चढलं की गुडघा...*

"अगं ए! मॅडमला द्यायचाय ना तो?"

"पान्सित दे इकडे," नेनिता म्हणाली. मान वर न करता ती लिहीतच राहिली.