बरणीतली गांडुळं आणि डॅडींची होडी

माझ्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचा एक नियम आहे. गांडूळ तरंगतं की नाही हे पाकिटावर वाचायचं नाही, बरणीत टाकून बघायचं. कारखानेवाल्यांचं काय, ते लोखंडाच्या खिळ्यावरसुद्धा 'तरंगणारा' असं छापतील. म्हणून गल्ल्याजवळ पाण्याची काचेची बरणी ठेवलेली असते. रबरी गांडूळ तिच्यात सोडायचं. वर राहिलं तर घ्यायचं, बुडालं तर मुकाट्याने खोक्यात परत. सायप्रस फोर्क तळ्याच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं मी, रोवीना टिडवेल, त्या बरणीच्या जिवावर अब्रू राखून आहे.

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी बरणीतल्या पाण्याला वास यायला लागला, म्हणून मी ती घासायला मागे नेली. गल्ल्याजवळ राहिली दुसरी बरणी, मुरवलेल्या अंड्यांची. अंडी संपली होती आणि तिच्यात मी नुकतंच नवं मिठाचं पाणी करून ठेवलं होतं. व्हिनेगर, मिरच्या, अंडी, सगळं अजून पडायचं होतं. मीठ मी सढळ हाताने घालते. त्या पाण्यात बटाटासुद्धा तरंगला असता.

तेवढ्यात वर्लन पिकेट आला. तीस वर्षं शाळेची बस चालवून आणि पोरांवर ओरडून त्याचा आवाज कायमचा बसलाय.

"मिस रोवीना, तरंगणारी गांडुळं हवीत. उद्या हरलो तर डॅडींच्या होडीत पेटुनिया फुलणार बघ!"

मामला मला ठाऊक होता. म्हातारे पिकेट जाताना एक ॲल्युमिनियमची होडी आणि एक अट ठेवून गेले. दरवर्षी दोघा भावांनी त्याच होडीत समोरासमोर बसायचं, सहा ते बारा गळ टाकायचे, आणि ज्याचा बास मासा मोठा त्याच्याकडे वर्षभर होडी. भाऊ एकमेकांना पाण्यात पाहतात हे म्हाताऱ्याला माहीत होतं, म्हणूनच ही सोय. थोरला हॉइट सलग चार वर्षं जिंकलाय. यंदा त्याने जाहीर करून टाकलं की होडीत काही राम उरलेला नाही, होडी तरंगती ठेवणारा बाकांखालचा थर्माकोल उंदरांनी खाऊन टाकलाय, या वेळी जिंकलो की अंगणात ठेवून तिच्यात माती भरणार. आमच्याकडे निम्म्या जुन्या होड्यांची गत हीच होते. पण वर्लन त्याच होडीत गाठ मारायला शिकला होता.

"तळाला शेवाळ केवढं माजलंय! बुडणारं गांडूळ आत गडप होतं, माशाला दिसणार काय? शेपूट वर करून डुलणारंच पाहिजे."

"मग बरणीत टाकून बघ की!" मी मागून ओरडले.

"बघतोय!" थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, "अगं, सगळीच तरंगतायत! यंदा कारखानेवाल्यांना देव आठवला वाटतं."

एरवी सातांतली पाच बुडतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझे हात साबणात होते आणि डोकं कुठे होतं, देव जाणे. वर्लनने मग नुसता रंग बघून जांभळी, लसणाच्या वासाची तीन पाकिटं उचलली. तो जीपपर्यंत पोचतोय तोच ट्रॅक्टर विकणारा हॉइट पोट सांभाळत आत आला.

"धाकट्याने काय नेलं?"

"जांभळी. सगळ्यांसारखी बरणीत बघून नेलीत."

त्यानेही एक टाकून बघितलं, मान डोलावली. "त्याच्यापेक्षा एक पाकीट जास्त दे."

शनिवारी सकाळी आठ वाजता मी उकडलेली अंडी त्या बरणीत सोडायला गेले, तर पाण्यावर गांडुळांची जांभळी चमचम दिसली. घासलेल्या बरणीतल्या साध्या पाण्यात जांभळं गांडूळ टाकून पाहिलं. ते असं खाली गेलं, जसा हॉइट चर्चच्या सोफ्यावर बसतो.

धक्क्यावर धावले. होडी तळ्याच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, ठिपक्याएवढी. हाका मारून घसा सुकला. दोघांनी हात हलवून मला 'गुड मॉर्निंग' केलं.

बारापर्यंत मी काय काय योजलं ते सांगण्यासारखं नाही. दुकानाला कुलूप लावून बहिणीकडे जायचाही विचार केला. पण चूक माझी होती, म्हणून तरंगणाऱ्या गांडुळांचं पाकीट हातात धरून तिथेच उभी राहिले.

होडी आली. दोघंही पोट धरून हसत होते. मी घाबरले, म्हटलं ऊन लागलं.

"वर्लन, हॉइट, मी गुन्हेगार आहे. ती बरणी अंड्यांची होती."

"तरीच!" वर्लन म्हणाला. "पाच तास, मिस रोवीना, एक मासा नाही! मला वाटलं माझं नशीब. हा समोर बसून एवढा शांत, की मी म्हटलं, याला काहीतरी ठाऊक आहे."

"आणि मला वाटलं यालाच!" हॉइट म्हणाला. "अकरा वाजता मी कबूल केलं की माझं गांडूळ बुडतंय. हा म्हणतो, माझंही. मग मी म्हटलं, डॅडी काय करायचे रे?"

"माझ्या तर ध्यानातच नव्हतं," वर्लन म्हणाला. "शेपटीत काहीतरी पांढरं खुपसायचे, एवढं आठवलं. ते पांढरं कुठून आणायचे, ते..."

हॉइटने बोट बाकाखाली दाखवलं. मी वाकून पाहिलं. थर्माकोलला शेकडो खळगे होते, वाटाण्याएवढे, एका ओळीत, आणि सगळे म्हाताऱ्याच्या बसायच्या जागी उजव्या हाताशी.

"उंदीर," हॉइट म्हणाला. "चार वर्षं उंदरांना शिव्या घालतोय मी."

त्यांनीही एकेक चिमूट तोडली, शेपटीत खुपसली. गांडुळं शेवाळावर ताठ उभी राहिली आणि शेवटच्या अर्ध्या तासात दोघांना एकेक बास लागला.

वजन माझ्या काट्यावर. वर्लनचा चार पौंड एक औंस. हॉइटचा चार पौंड तीन औंस. वर्लनने टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि होडीचा दोर गुपचूप भावापुढे धरला. माझा जीव अर्धा झाला.

हॉइट काट्याकडे बघत राहिला. दोराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"मिस रोवीना, तुझा काटा बिघडलाय."

"माझा काटा?" मी उसळलेच. सव्वीस वर्षांत माझ्या काट्याला कुणाची नावं ठेवायची छाती झाली नव्हती. सरकारी माणूस येऊन तपासून जातो!

"तुझी बरणीसुद्धा बरोबरच होती, नाही का?"

मी तोंड उघडलं, तेव्हा कुठे त्याचा चेहरा माझ्या नजरेला पडला.

"बिघडलाय," मी म्हटलं. "माझ्या मनात आलंच होतं. मोठ्या माशाला थोडं जास्तच दाखवतो."

"दादा, तू..." वर्लन पुटपुटला.

"गप रे! काटा बिघडला, त्याला मी काय करू? दोर बांध नीट, गाठ सैल आहे. डॅडींनी काय शिकवलं होतं तुला?"

वर्लनने डोळे पुसत पुसत गाठ मारली, आणि ती खरंच सैल होती. हॉइटने ती सोडून पुन्हा मारली.

मग तो माझ्याकडे वळला, पुन्हा तोच ट्रॅक्टरवाला तोरा. "सगळं तुझ्यामुळे झालं. बायकोने पेटुनियाची दोन डझन रोपं आणून ठेवलीत. आता ती कशात लावू, सांग!"

मी आत गेले, मिठाचं पाणी ओतून दिलं, आणि अंड्यांची बरणी त्याच्या हातात ठेवली.