गादी, आधार आणि किंमत

बुटांच्या दुकानात शिरलं की लोक आधी रंग बघतात, मग किंमत बघतात आणि शेवटी पाय घालून बघतात. बाबांचं सगळंच उलटं. त्यांनी मांडणीवरचा पहिला बूट उचलला, टाच डाव्या मुठीत धरली, चवडा उजव्या मुठीत धरला आणि ओलं धुणं पिळावं तसा तो पिळला.

"अहो काका!" दुकानदार गल्ल्यामागून उठलाच.

"पिळला जात नाही. बरंय," म्हणत बाबांनी दुसरा उचलला.

रविवारची सकाळ होती. बाबा एकाहत्तर वर्षांचे, बुटांच्या कारखान्यातल्या चाचणी विभागातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी बूट बनवले नाहीत की विकले नाहीत, फक्त मोडले. यंत्रावर लाखभर वेळा वाकवले, पाण्यात भिजत घातले, करवतीने उभे चिरले. कुठला बूट कुठे दगा देतो ते शोधणं हेच काम. त्यांची मुलगी एक्केचाळीस वर्षांची, प्रकाशनात मुद्रितं तपासायची. "आमचं घराणंच दुसऱ्यांच्या चुका काढण्यावर जगलंय," असं आई म्हणायची, आणि ते ऐकताना दोघांनाही बरं वाटायचं.

डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद बघून हालचाल वाढवायला सांगितली, तेव्हा ती फोनवर सहज बोलून गेली होती, की सकाळी थोडं पळायला लागावं म्हणते. पलीकडे बाबांनी टीव्ही बंद केला. मग बाबा म्हणाले, "बूट मी बघणार. तू एकटी जायचं नाहीस."

आता तीन जोड बाकावर ओळीने ठेवले होते. बाबांनी खिशातून वही काढली, तीन रकाने आखले आणि वर लिहिलं: गादी, आधार, किंमत.

"हा निळा. अंगठा दाब. रुततो ना? उभं राहायला स्वर्ग. पण तुझे तळवे सपाट, घोटा आत कलतो. मऊ गादीवर तो आणखी कलणार. चिखलात खांब रोवल्यासारखं."

"स्वस्त आहे पण."

"स्वस्तच असणार. हा राखाडी बघ. बाहेरून मऊ आणि आतल्या कडेला कडक फोम. घोटा आत झुकायला लागला की ही कड त्याला म्हणते, बस, इथपर्यंत." त्यांनी तिचं बोट धरून दोन्ही कडांवरून फिरवलं. फरक खरंच लागत होता. "आणि हा नारिंगी. दोन्ही बाजूंनी भिंती, टाचेची वाटी लाकडासारखी. आधार भरपूर, गादी बेताची, किंमत निळ्याच्या दुप्पट."

त्यांनी दहापैकी गुण दिले. गादीत निळ्याला नऊ, राखाडीला सात, नारिंगीला चार. आधारात निळ्याला तीन, राखाडीला सात, नारिंगीला नऊ.

"बेरीज केली तर राखाडी," ती म्हणाली.

"बुटाची बेरीज करायची नसते. गणितात नापास झालेल्याला इतिहासातले गुण देऊन पास करतात का?"

दुकानदार हात बांधून उभा होता. "काका, बूट घेताय की जावई शोधताय?"

"जावई तिने माझ्याशिवाय शोधला," बाबा म्हणाले. "बूट तरी मला शोधू द्या."

दुकानदार हसला आणि त्यानंतर निमूटपणे मापं काढून देऊ लागला. बाबा एक गुडघा टेकून खाली बसले. बसताना त्यांनी बाकाचा आधार घेतला, हे तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिच्या पायात राखाडी बूट चढवून त्यांनी पुढे अंगठ्याने चाचपलं. "एवढी जागा हवी. पळताना पाय फुगतो." मग त्यांचा हात वर आला आणि तिच्या उजव्या गुडघ्यावर थांबला.

"इथे काही?"

"काही नाही, बाबा."

"खरं सांग."

"खरंच काही नाही."

"या वेळी चूक होऊ देणार नाही मी," ते म्हणाले. दुकानदाराला ऐकू गेलं नाही इतक्या हळू.

तिच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं. सत्तावीस वर्षांत ते अनेकदा तिथवर आलं होतं आणि आल्या पावली परत गेलं होतं. आजही गेलं.

चौदाव्या वर्षी ती शाळेकडून आठशे मीटर पळायची. जोरात पळायची, पण घोटे आत पडायचे. बाबांनी कारखान्यातून आणलेल्या बुटाच्या आत, तळव्याच्या कमानीखाली, फोमचा एक कडक तुकडा बसवून दिला होता. रोज पहाटे पाचला ते मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे असायचे. तिची फेरी एका सेकंदाने कमी झाली तरी दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला असायचा. तिथेच सगळी अडचण होती. त्या वर्षी तिला पुस्तकं सापडली होती. रात्री पुस्तक हातातून सुटायचं नाही आणि पहाटे डोळे उघडायचे नाहीत. पळणं तिला नकोसं झालं होतं. पण घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं, हे कुठल्याच पुस्तकात सापडेना. म्हणून एका पहाटे अंथरुणातूनच ती म्हणाली, "गुडघा दुखतोय."

चार दिवस झोपायला मिळेल, एवढाच तिचा हिशोब होता. डॉक्टरांना गुडघ्यात काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी विश्रांती लिहून दिली. बाबांनी मात्र तिचा बूट कारखान्यात नेला, करवतीने उभा चिरला आणि संध्याकाळी घरी येऊन आईला म्हणाले, "माझ्यामुळे झालं. तुकडा जास्त कडक होता. पोरीचा गुडघा मी घालवला."

ती दाराआड उभी होती. खोटं बोलायला एक क्षण पुरतो, पोसावं मात्र जन्मभर लागतं. चार दिवसांनी गुडघा बरा झाला असं सांगितलं असतं तर पळावं लागलं असतं. महिन्याने सांगितलं असतं तर मार बसला असता. पुढे सांगण्यात अर्थ उरला नाही, आणि त्याहून पुढे सांगायची लाज वाटू लागली. बाबांनी तिला पुन्हा कधीही मैदानावर नेलं नाही. जिना चढताना मात्र ते तिच्या मागे राहायचे आणि तिचा उजवा पाय बघायचे.

दुकानातून दोघं रिकाम्या हातांनी निघाली. "राखाडी की नारिंगी, एक दिवस विचार करू दे," बाबा दुकानदाराला म्हणाले. "दोन्ही बाजूला काढून ठेवा." बाहेर त्यांनी चहा घेतला. बाबांनी साखर जास्त घातली, ती ओरडली, त्यांनी आईला सांगू नकोस म्हणून बजावलं. बाबांची बस आली. खिडकीतून त्यांनी वही दाखवून हात हलवला.

सोमवारी सकाळी आरशासमोर दाढी करताना ते खाली बसले आणि उठले नाहीत. आईने हाक मारली तेव्हा नळ चालूच होता.

पुढचा आठवडाभर घरात माणसं मावत नव्हती. तिने खुर्च्या मांडल्या, कागदपत्रं शोधली, फोन घेतले. रडली नाही. काकू म्हणाली, "धीराची आहे हो पोरगी." ते ऐकून तिला चोरी करताना बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

गर्दी ओसरल्यावर एका दुपारी करवतकाका आले. बाबांच्याच विभागातले, त्यांच्याच वयाचे. बूट चिरायचं काम तीस वर्षं यांच्याकडे, म्हणून सगळा कारखाना त्यांना करवत म्हणायचा आणि त्यांची बायकोसुद्धा. आई आत पडली होती, पण जागी असावी. दार अर्धवट उघडं होतं. काका बाबांच्या खुर्चीकडे बघून स्टुलावर बसले.

"रविवारी संध्याकाळी फोन आला होता त्याचा," ते म्हणाले. "अर्धा तास. आख्खा तक्ता वाचून दाखवला. म्हणाला, करवत्या, सोमवारी तुझं मत सांग. आता मत तयार आहे आणि ऐकणारा गेला. म्हटलं, तुला तरी सांगून टाकावं."

"सांगा ना, काका."

"जरा चालून दाखव. अनवाणी."

ती भिंतीच्या कडेने खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. काकांनी मान वाकडी करून तिचे घोटे पाहिले. मळभ आलेल्या त्या चेहऱ्यावर काही क्षण कामावरचा माणूस उगवला.

"राखाडी," ते म्हणाले. "तुझा बाप नारिंगीकडे झुकला होता. भीतीपोटी. पण नारिंगी बूट माणसाला चालू देत नाही, तो स्वतःच चालतो. आधार इतकाच हवा की पायालाही थोडं काम उरावं. आणि गादी इतकीच की जमीन कळावी. किमतीचं काय, जी परवडते तीच बरोबर वाटते."

"घेईन राखाडी," ती म्हणाली.

काका उठतील असं वाटलं. उठले नाहीत. स्वतःचे अंगठे बघत बसले. दोन्ही अंगठ्यांची नखं करवतीने कधीतरी खाल्लेली होती.

"आणखी एक आहे. मघाशी जिन्यात पाठ करत होतो. तुझ्या बुटातला तो तुकडा. तो मी कापला होता."

तिने आईच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं.

"तुझा बाप मऊ फोम घालायचं म्हणत होता. मीच म्हटलं, मऊ काय घालतोस, आधार नको का पोरीला? कडक घाल. यंत्रावर लावला, दोन लाख वेळा वाकवला, काही झालं नाही. आम्ही दोघं खूश. यंत्राला विचारलं, पायाला विचारायचं राहिलं. तुझा गुडघा गेला तेव्हा मी म्हटलं, चल, घरी येतो, वहिनींना सांगतो. तर म्हणाला, करवत्या, पोरगी माझी, बूट माझा, चूक माझी. तू मध्ये येऊ नकोस. नाही आलो. सत्तावीस वर्षं या घरात चहा प्यालो आणि तुझ्या पायाकडे बघायचं टाळलं."

"काका..."

"बोलू दे. नंतर तो साहेबांशी भांडला. दोन वर्षं भांडला, बढती गेली. पण नियम करून घेतला: लहान मुलांचा कुठलाही बूट दहा मुलांनी महिनाभर घालून बघितल्याशिवाय पुढे जायचा नाही. अजून चालतो तो नियम. मी मनाशी म्हणायचो, चला, एका गुडघ्यातून एवढं तरी चांगलं निघालं. पण गुडघा तुझा होता ना, पोरी."

बढतीचं तिला ठाऊक नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि आईने? आत पलंग करकरला.

"जाऊ द्या, काका," ती म्हणाली. "झालं ते झालं."

ते तोंडातून सहज गेलं. अशा वेळी जे बोलतात तेच. काकांनी मान हलवली, हळूहळू, दोनदा. शिक्षा माफ झालेल्या माणसाने हलवावी तशी. त्यांनी डोळे पुसले, खिशात रुमाल कोंबला आणि स्टुलावरून उठायला भिंतीवर हात टेकला. "मोठं मन आहे तुझं," ते म्हणाले. "बापावर गेलीस."

तिने त्यांच्यासाठी दार उघडलं. आता ते जातील. सत्तर वर्षांचा माणूस जिना उतरेल, न केलेल्या गुन्ह्याची माफी घेऊन घरी जाईल, बायकोला सांगेल की पोरीने मोठ्या मनाने माफ केलं. आणि उद्या हेही बाबांसारखे गेले की विचारणारं कुणी उरणार नाही. सांगितलं तर? बाबांची ती दोन वर्षं कशावर उभी होती हे या माणसाला कळेल, आत जागी असलेल्या आईला कळेल. झोपाळू पोरीच्या एका थापेवर. न सांगितलं तर काहीच होणार नाही. काहीच न होण्याची तिला आता चांगली सवय होती.

काका पहिल्या पायरीवर पोचले होते. कठडा धरून त्यांनी मागे वळून, जुन्या सवयीने टाळावं आणि तरी टाळता येऊ नये तसं, तिच्या उजव्या गुडघ्याकडे बघितलं.

"काका, थांबा."

ते थांबले.

"परत आत या. बसा. आई, तूही ये बाहेर." तिचा आवाज तिलाच परका वाटला. आई दारात आली, केस मोकळे, एका हाताने चौकट धरून. काका उभेच राहिले. ती दोघांच्या मध्ये उभी होती, अनवाणी.

"माझा गुडघा कधीच दुखला नव्हता," ती म्हणाली. "एक दिवससुद्धा नाही. मला पहाटे उठायचं नव्हतं, पळायचं नव्हतं, आणि बाबांना तसं सांगायची हिंमत नव्हती, म्हणून खोटं बोलले. काका, तुम्ही कापलेला तुकडा बरोबर होता. बाबांचा बूट बरोबर होता. त्या बुटात मला कधी काही टोचलं नाही, कधी काही दुखलं नाही. इतका चांगला बूट मला परत मिळाला नाही. हे मी बाबांना सांगायला हवं होतं, आणि मी नाही सांगितलं."