हवेचं भाडं
माझा मुलगा घरात बसून फोनवरून उशा विकतो. दुकान नाही, गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही. मागणी जोरात, पण नफा काही दिसेना. का, तर कुरिअरवाला पैसे खोक्याच्या आकारावर लावतो. उशी हलकी, खोकं मात्र कपाटाएवढं.

“म्हणजे तू हवेचं भाडं भरतोस,” मी म्हटलं. “हो बाजूला.”

उशी प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि वर बसले. फुस्स! सुनेनं पिशवीच्या तोंडाला टेप मारली. खोकं निम्मं, भाडं निम्मं. रोज चाळीस उशा मी अशा जिरवल्या.

नफ्याची चटक लागली की माणूस थांबत नाही. एक दिवस फ्रिजवर कागद चिकटवलेला: ‘खर्चकपात. आईचा दुपारचा चहा बंद.’ मी चौथी नापास. एकेक अक्षर लावून वाचलं, पण अपमान एका घोटात कळला.

“सगळ्यांनीच थोडं सोसायचं गं, आई.”

“सगळे म्हणजे कोण रे? यादीत तर मी एकटीच आहे!”

ठीक. वजन उतरवा म्हणून डॉक्टर दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. त्यांचं ऐकायला मला त्या दिवशी मुहूर्त लागला. सकाळ-संध्याकाळ फेऱ्या, ताटात निम्मं. महिन्यात सहा किलो गेले आणि खोक्यांची झाकणं लागेनात.

“आई, दोन घास जास्त खा ना!”

“परवडेल का तुला?”

मग तो स्वतः बसला. काडीपैलवान! उशीनं त्याला खाली लोळवला. सून इतकी हसली की टेप तिच्याच केसांना चिकटली.

शेवटी मुलानं मान खाली घालून चहा आणला, दोन चमचे साखर घालून. मी प्यायले, बसले. उशी ढिम्म! आली का पंचाईत? सहा किलो आणू कुठून? आणि कधी नव्हे ते गुडघे सरळ झालेले, ते पुन्हा बिघडवायला मी काय खुळी आहे?

“सूनबाई, ये, माझ्या मांडीवर बस.”

“अहो आई, काहीतरीच!”

“लाजतेस काय? धंदा आहे हा.”

बसली. फुस्स!

आता उशीवर मी, माझ्यावर सून, टेप मारायला मुलगा. दुपारी चहा दोन कप, तोही त्यानंच करायचा. मध्ये बेल वाजली तरी आम्ही उठत नाही. कुरिअरवाला आत येतो, भिंतीकडे बघत खोकी उचलतो आणि जातो.