सत्काराची धास्ती

माझ्या नवऱ्याचं कोणी चारचौघांत कौतुक केलं, की मी घरी येऊन आधी रिकामी खोकी शोधते. लोकांना हा विनोद वाटतो. माझ्या जागी या, मग हसा.

अंबरीश अमेरिकन फुटबॉलचा कोच आहे, पगारी आणि पूर्णवेळ. हा माणूस सांगलीहून ओहायोला मेकॅनिकलचं एमएस करायला गेला, वरखर्चाला म्हणून तिथल्या टीमचे व्हिडिओ कापायची नोकरी धरली आणि मेकॅनिकल कायमचं मागे पडलं. माझ्या सासूबाई अजूनही नातेवाइकांना "तो तिकडे इंजिनिअर आहे" असंच सांगतात. त्यांचंही बरोबर आहे. हेल्मेट घातलेली दांडगी माणसं चेंडू काखेत मारून पळतात, बाकीची त्यांना आडवं पाडतात, आणि आपला मुलगा बाजूला उभा राहून ओरडतो, याचा पगार मिळतो हे सांगलीत कोणाला पटवायचं?

या धंद्यात नोकरी जाते ती आधी हार घालून. कॅन्ससमधल्या एका गावात टीमच्या मालकाने भर मैदानात याला ढाल दिली, "हा आमच्या घरातला माणूस" म्हणाला, आणि त्याच आठवड्यात घराबाहेर काढलं. अलाबामात एका हॉटेलाने याच्या नावाचा बर्गर काढला. आम्ही गाव सोडलं तेव्हा बर्गर मेनूवर होता, कोच नव्हता. कॅनडात मालकाने पेपरात छापून आणलं, की आमचा कोचवर पूर्ण विश्वास आहे. सकाळी पेपर वाचून मी खाली गेले आणि वाण्याकडून खोकी मागून आणली.

तेव्हापासून मी दोन नियम केले. शेवटचं खोकं उघडायचं नाही, आणि पडदे शिवायचे नाहीत. शेवटच्या खोक्यात माझं शिवणयंत्र होतं, आईने लग्नात दिलेलं. मी पुण्यात उत्तम ब्लाउज शिवायचे. नंतर माझ्या पासपोर्टावर नवऱ्याची बायको एवढाच हुद्दा उरला, आणि त्या हुद्द्याला काम करायची परवानगी नव्हती.

मग आम्ही हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो. टीमचं नाव 'बगळे', मालकाचं नाव विम. त्याचा भाजीपाल्यासाठी मोठाली काचघरं बांधायचा धंदा. आल्या दिवशी शेजारची इनेके सायकल धरून दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "किती दिवस आहात?" मी म्हटलं, "बघू." तिने मान हलवली आणि गेली. पुढे दोन वर्षं "गुडमॉर्निंग"पलीकडे तिने एक शब्द खर्चला नाही. आमच्या खिडक्यांना पडदे नाहीत हे मात्र कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण या देशात निम्मी माणसं दिवाणखाना उघडा टाकूनच जेवतात.

विम मला पहिल्यापासून बरा वाटला. तो कधीच कौतुक करत नाही. टीम जिंकली की हा विचारणार, "तिसऱ्या भागात झोपला होतास का?" अंबरीश तोंड पाडून घरी यायचा, आणि मी त्याला आनंदाने आणखी एक पोळी वाढायचे. विमची जीभ जितकी तिखट, तितकी मला झोप गाढ. शेवटी एका रविवारी मी शेवटचं खोकं उघडलं.

इथे मला कामाची परवानगी होती. धंद्याची नोंदणी केली, आणि बघता बघता अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या मराठी, तेलुगू, गुजराती बायकांची सणावाराची अब्रू माझ्या हातात आली. जुईला, माझ्या लेकीला, मैत्रिणी मिळाल्या. ती मला डचमध्ये "आई, जरा नॉर्मल वाग" म्हणायला लागली, म्हणजे रुळली. मी बाजारातून पडद्यांचं कापडसुद्धा आणलं, मोहरीच्या फुलासारखं पिवळं. ते कापायचं तेवढं थांबवलं होतं. अंबरीशचा करार गणपतीनंतर संपणार होता, आणि नवा होणार की नाही हे विम सांगत नव्हता.

अशात इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव बायकोचा ब्लाउज न्यायला आले.

"वहिनी, आनंदाची बातमी! गणपतीच्या कार्यक्रमात अंबरीशरावांचा जाहीर सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र!"

माझ्या हातातली कात्री थांबली. "त्यांचा कशाला? डॉक्टर विश्वासांचा करा ना."

"त्यांचा गेल्या वर्षी झाला."

"मग त्यांच्या मिसेसचा करा."

"वहिनी, हा तुमचा मोठेपणा. पण आपला माणूस युरोपात प्रोफेशनल कोच आहे, it's a matter of pride. मी बघितली मॅच. कळलं काहीच नाही, पण ऊर भरून आला. आणि चीफ गेस्ट कोण ओळखा? टीमचे ओनर! मी इमेल केलं, ते हो म्हणाले. मानपत्र मीच लिहिलंय, त्याचं इंग्लिश करून त्यांच्याकडे धाडलंय. ते स्टेजवर वाचतील."

म्हणजे मालक, माइक आणि स्तुती, तिन्ही एका व्यासपीठावर. कॅन्ससला यातलं निम्मंही नव्हतं.

अंबरीशला सांगितलं तर तो खूष. "मंजू, इतक्या वर्षांत आपल्या लोकांनी पहिल्यांदा विचारलंय. करू दे ना." त्याला नाही म्हणणं माझ्या जिवावर आलं. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली आणि थेट विमच्या ऑफिसात गेले.

"एक विनंती आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "शनिवारी माझ्या नवऱ्याचं कौतुक करू नका."

विमने चष्म्यावरून पाहिलं. "कशाबद्दल करायचं होतं?"

मला इतकं हायसं वाटलं, की मी त्याला डब्यातल्या चकल्या तिथेच देऊन टाकल्या. त्याने एक खाल्ली आणि म्हणाला, "तेलकट आहे." दुसरी घेतली.

शनिवारी हॉल भरला होता. आरती झाली, मुलांची नाटुकली झाली, मग दिनकररावांनी अंबरीशला शाल पांघरली. नारळ हातात आल्यावर माझ्या नवऱ्याने तो सवयीने काखेत दाबून धरला. फोटो निघाले. मग पाहुण्यांना पाचारण झालं, विम माइकपाशी आला आणि त्याने खिशातून कागद काढला.

तो दिनकररावांचा कागद होता.

"हे थोर क्रीडामहर्षे," विमने वाचलं, "तुझ्या कर्तृत्वाचा सुगंध दाही दिशांना पसरत आहे." तो थांबला. कागद उलटून पाहिला. मग त्याने दिनकररावांना विचारलं, "हा माणूस मेलाय का?"

"आमच्याकडे असं फक्त मेलेल्या माणसाबद्दल बोलतात," विम म्हणाला आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "हे मी लिहिलेलं नाही. मला वाटतं ते सांगतो. याची मधल्या सुट्टीतली भाषणं फार लांब असतात, खेळाडू पेंगतात. चेंडूला लाथ मारणारा पोरगा निकामी आहे हे मला मे महिन्यात दिसलं, याला जुलैत दिसलं. पाऊस असला तरी हा लांब चेंडू फेकायला लावतो. हा हॉलंड आहे, पाऊस असणारच. पुढच्या वर्षी हे सगळं सुधारावं लागेल. थँक यू. जेवण कुठे आहे?"

पहिल्या रांगेतल्या आज्यांनी तोंडाला पदर लावले. दिनकरराव घाम पुसत म्हणाले, "पाहुण्यांनी अत्यंत... मोकळ्या मनाने..." अख्ख्या हॉलमध्ये एकच बाई उठून टाळ्या वाजवत होती, आणि ती मी होते. टाळ्या वाजवता वाजवता मला रडू फुटलं. चांगलं हुंदके देऊन. बायका धावल्या. "मनावर नका घेऊ हो," मंडळाची खजिनदार इरावती माझी पाठ चोळत म्हणाली, "काय मेलं बोलणं!" मी त्यांना काय सांगणार? हुंदक्यातून एवढंच बाहेर आलं, "किती चांगला माणूस आहे!" त्यांना वाटलं मी नवऱ्याबद्दल बोलतेय, त्यामुळे त्याही रडल्या.

परत जाताना ट्राममध्ये अंबरीश शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसला होता. तोंड इवलंसं.

"Enough is enough," तो म्हणाला. "आपल्या लोकांसमोर लाज काढली माझी. मी उद्याच राजीनामा देतो. टेक्ससमध्ये एक ओळखीचा आहे, त्याला फोन करतो."

आजवर याला लोकांनी काढलं होतं, आणि मी निमूट खोकी भरली होती. आता मालक ठेवायला निघाला तर हा स्वतःच उठून चालला होता. माझं डोकंच फिरलं.

"खुशाल जा," मी म्हटलं. ट्राममधली माणसं वळून बघायला लागली, बघू देत. "मी येणार नाही. माझे ब्लाउज अर्धे कापलेले आहेत, जुईची शाळा आहे, आणि मला इथे आवडतं. तुझ्याबरोबर किती गावं फिरले, कधी तोंडातून शब्द काढला का? आज काढतेय. आणि तो काय म्हणाला ते तू नीट ऐकलंस तरी का?"

"ऐकलं ना. भाषण लांब, किकर निकामी..."

"त्याच्यापुढचं."

अंबरीश आठवायला लागला. व्हिडिओ मागे नेऊन पाहतात तसा त्याचा चेहरा झाला. ट्राम दोन स्टॉप पुढे गेली.

"पुढच्या वर्षी," तो हळूच म्हणाला. "मंजू, तो 'पुढच्या वर्षी' म्हणाला."

"हो."

"मला हे आजवर कोणीच म्हणालं नव्हतं गं." त्याने शालीच्या टोकाने डोळे पुसले. मीही दुसरं टोक घेतलं.

करार सोमवारी आला. त्यात मधल्या सुट्टीच्या भाषणाला वेळेची मर्यादा घातलेली होती. अंबरीशने मुकाट्याने सही केली आणि मी यंत्रावर पिवळं कापड चढवलं. बुधवारी पडदे लागले. मी रस्त्यावर जाऊन ते बघत उभी होते, तेवढ्यात इनेके सायकल धरून शेजारी येऊन थांबली. तिने बराच वेळ खिडकीकडे पाहिलं.

"फारच पिवळे आहेत," ती म्हणाली. "आणि डावा आखूड आहे."

मी मान वाकडी करून पाहिलं. खरंच आखूड होता. मी तिचा हात धरला, तिला चहाला आत नेलं, आणि तिच्यासमोरच डावा पडदा काढून उसवायला बसले. हळूहळू उसवत होते. घाई काहीच नव्हती.