उदबत्तीचा धूर सरळ गेला तेव्हा

"खालच्या फटी खुशाल बुजवा वहिनी, पण वरच्या झरोक्याला हात लावू नका. हीटरलाही श्वास लागतो."

मित्रांनो, हे शब्द गॅसचा हीटर बसवायला आलेल्या मिस्त्रींचे. ते मी खुंटीवर लटकून ऐकले. आज मी दाराखाली घालायची एक जुनी कापडी वळकटी आहे. त्या वेळी घरधन्यांच्या जाड विजारीचा डावा पाय होते. विजार गुडघ्यावर विरली, तेव्हा घरच्या वहिनींनी ती कापली. त्या शिवणकाम करायच्या, चिंधीही वाया जाऊ द्यायच्या नाहीत. दोन्ही पायांत चिंध्या आणि वाळू भरून त्यांनी तोंडं शिवली आणि आम्ही दोघी जुळ्या बहिणी जन्माला आलो. मी बैठकीच्या दाराशी, बहीण खिडकीच्या खालच्या फटीवर.

दारात आडवं पडायचं आणि गार वारा आत येऊ द्यायचा नाही, एवढाच माझा नेम. तो मी कधी मोडला नाही. हिवाळ्याचं बिल आटोक्यात राहावं म्हणून वहिनींनीही पुष्कळ नेम धरले होते. ऊन असेतो पडदे उघडे, ऊन कलताच जाड पडदे ओढलेले. पातेल्यावर झाकण असल्याशिवाय पाणी तापवायचं नाही. सगळ्यांनी एकाच खोलीत बसायचं आणि हीटर लावण्याआधी स्वेटर घालायचा. फटी शोधायला त्या उदबत्ती घेऊन भिंतीभिंतीने फिरत. धूर जिथे वाकला तिथे वारा. मग तिथे कापडाची पट्टी.

"आता मुंगीलाही आत यायला अर्ज करावा लागेल," असं सासूबाई म्हणायच्या. पण त्यांच्या आखडलेल्या गुडघ्यांना ती ऊब मानवत होती, हे वहिनींना दिसत होतं.

दोन हिवाळे असे सुखाचे गेले. तिसरा फार कडक आला. सासूबाईंना उठून बसणंही जमेना. वहिनींनी पुन्हा उदबत्ती फिरवली. सगळीकडे धूर सरळ गेला, फक्त छताजवळच्या झरोक्यापाशी तो वाकून बाहेर पळाला. सारी ऊब इथूनच जाते, असं त्यांना वाटलं. त्यांनी स्टूल घेतलं, खिडकीतून माझ्या बहिणीला उचललं, तिच्या जागी कापडाची पट्टी बसवली आणि बहिणीला झरोक्यात घट्ट कोंबलं. मला मिस्त्रींचं बोलणं आठवलं. पण वळकटीला तोंड असतं ते शिवलेलं.

त्या संध्याकाळी धूर दोरीसारखा उभा राहिला. वहिनी समाधानाने हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या पाच घरांना अशाच वळकट्या शिवून दिल्या आणि झरोका बुजवायलाही सांगितलं. त्या घरांतही गॅसचेच हीटर होते.

मित्रांनो, त्यानंतर घरात एकेक गोष्ट बिघडत गेली. हीटरची निळी ज्योत पिवळी पडली. काचांवरून पाणी ओघळू लागलं. सगळ्यांचं डोकं जड व्हायचं, आणि बाजारात जाऊन आलं की हलकं वाटायचं. घरधनी बस चालवायचे, दिवसभर बाहेर असायचे. थंडीच बाधली असेल, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

एका दुपारी सासूबाई हीटरजवळ निजल्या होत्या आणि वहिनी मशीनवर बसल्या होत्या. बाहेरची स्वच्छ हवा दाराखालून आत यायला धडपडत माझ्या पाठीवर थडकत होती. मी तिला अडवून धरलं. मला तेवढंच शिकवलं होतं. मशीनची टिकटिक मंदावली, मग थांबली. वहिनींनी सासूबाईंना हाक मारली. उत्तर आलं नाही.

त्या उठायला गेल्या आणि पडल्या. सरपटत दारापाशी आल्या. दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि त्याच्या पायाशी मी, वाळूने जड. त्यांनी कडी काढली, दार ओढलं. ते माझ्यावर अडकलं. दुसऱ्यांदा ओढलं. तेव्हाही अडकलं. मग त्यांचा हात माझ्या टोकाच्या गाठीला लागला. त्यांनी मला बाजूला खेचलं आणि उंबऱ्याबाहेर अंग टाकलं. शेजारी धावत आले, खिडक्या उघडल्या, सासूबाईंना उचलून नेलं.

देवाने राखलं. दोन दिवसांनी सासूबाईंनी दवाखान्यात डोळे उघडले. तिथे काय झालं ते वहिनींनी घरी येऊन घरधन्यांना सांगितलं, तेव्हा मी कोपऱ्यात पडून ऐकत होते. झरोका बुजल्यामुळे हीटरचा विषारी वायू खोलीत साठला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी सासूबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "त्या पाच घरांचं काय गं? मला वचन दे, आजच जाशील."

"तू आत्ताच आलीस, जरा टेकून घे," घरधनी म्हणाले. "ते काय उद्याच मरतायत?"

वहिनी तोवर स्टूल आणायला उठल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारखीला दाराशी जरूर ठेवा. पडदे ओढा, झाकणं ठेवा, बिल कमी करा. पण ज्या खोलीत ज्योत जळते, तिथला झरोका कधी बुजवू नका. ज्योत पिवळी दिसली, डोकं जड झालं, तर आधी हीटर बंद करा, दारंखिडक्या उघडा आणि बाहेर या. गारठा सोसता येतो.

त्या दिवशी ऊन कलत होतं. समोरच्या घरांतून एकामागून एक पडदे ओढले जात होते, दारं लागत होती. वहिनींनी स्टूल काखेत धरलं, चपला घातल्या आणि त्या पाचांतल्या पहिल्या घराकडे निघाल्या.