पिवळ्या टँकरसमोरची कबर

हाशिर फरसान बेटावर उतरला तो ऑफिसातून मिळालेला गॅस मास्क खांद्याला अडकवून. आखाती युद्धाचा चौथा आठवडा चालू होता. इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडत होती ती रियाध-धाहरानवर, इथून हजारेक किलोमीटर लांब. पण आपल्यासारखा जेद्दातल्या शिपिंग ऑफिसचा हेडक्लार्क इराकच्या नजरेतून सुटेल, हे त्याला पटत नव्हतं.

नबीलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, एवढ्या लांब एकच गोष्ट बघायची होती: तिच्या अब्बांची कबर. नूरुद्दीन अब्बांनी बावीस वर्षं इथल्या लाँचचं इंजिन सांभाळलं आणि सप्टेंबरात इथेच डोळे मिटले. दफनाला जावई म्हणून हाशिर एकटा आला. "बायकांना कबरस्तानात सोडत नाहीत, तू येऊन काय करणार?" तेव्हा तो म्हणाला होता. आता भिंतीबाहेरून का होईना, तिला ती जागा पाहायची होती. परतीची लाँच चारला होती.

धक्क्यावर भाड्याची गाडी मिळाली. एसी बंद, मागची काच वर चढत नव्हती.

"आधी कबरस्तान," नबीला म्हणाली.

"कबर कुठे पळून जातेय? दिवसभराची गाडी घेतलीय, आधी बेट बघू."

मग बेट बघणं झालं. किल्ला बाहेरूनच, कारण हाशिरच्या गळ्यातला कॅमेरा पाहून शिपायाने हाकललं. मोत्यांच्या व्यापाऱ्याच्या हवेलीला कुलूप. इथली हरणं प्रसिद्ध. हाशिरने लांबून दाखवलेलं हरीण जवळ गेल्यावर शेळी निघालं.

"आपल्या हर्णैसारखंच आहे सगळं," तो म्हणाला.

"हर्णैला झाडं आहेत."

तो दोनदा रस्ता चुकला. "मी चालवू का?" तिने विचारलं.

"बायकांना बंदी आहे इथे. रियाधच्या त्या बायांनी बंदी मोडून चालवल्या ना गाड्या? नोकऱ्या गेल्या."

"मला नोकरी नाहीच."

अडीच वाजता एकदाचं कबरस्तान आलं. भिंत कमरेएवढी.

"जागा पक्की ध्यानात आहे," हाशिर उतरता उतरता म्हणाला. "एकदा पाहिलेली जागा मी विसरत नाही. पलीकडे पिवळा पाण्याचा टँकर उभा असतो, त्याच्या बरोब्बर समोर."

टँकर नव्हता. तो एका येमेनी माणसाचा होता, आणि येमेनने इराकची बाजू घेतल्यापासून येमेन्यांना शरदातच सौदी सोडायला लागलं होतं. टँकर काही तो हाशिरच्या खुणेसाठी ठेवून जाणार नव्हता.

आत चाळीसेक कबरी. कुठल्याच कबरीवर नाव नाही, उशाला एकेक दगड, सगळे सारखे. नबीला गाडीतून बघत होती. हाशिर एका कबरीपाशी थांबला, मागे वळला, दुसरीपाशी गेला, मास्क सरळ केला आणि तिसरीपाशी हात उचलून फातिहा पढला. परत आला तो कामगिरी फत्ते केल्याच्या चेहऱ्याने.

"सापडली?"

"म्हणजे काय."

"कुठली?"

हाशिरने बोट उचललं. ते बोट बराच वेळ हवेत फिरत राहिलं.

"सगळ्यांवर पढा," नबीला म्हणाली.

"सगळ्यांवर? अगं, लाँच..."

"दीड तास आहे. हरणं बघून झालीत."

तो गेला. पहिल्या रांगेत त्याने नीट पढलं. दुसऱ्या रांगेत ऊन लागलं तसा दोन कबरी ओलांडून पुढे सरकला. नबीलाने शेजारच्या सीटवरून हात लांब करून हॉर्न दाबला. हाशिर दचकला, मास्ककडे हात गेला, मग त्याने गाडीकडे पाहिलं. ती स्टीअरिंगवर हात ठेवून बसली होती.

तो मुकाट्याने दोन कबरी मागे आला.